ओळ कुठे तुटते

आमच्याकडे येणारा माणूस आधी माझे हात बघायचा. पाणी, चहा, पोराबाळांची चौकशी, हे सगळं नंतर. बोटं एका बाजूला कललेली, मनगटं सुजलेली, उजव्या हाताला वेल्क्रोचा पट्टा. "लयच वाकले वो बाई," असं म्हणून तो हळहळायचा आणि मग त्याच्या मावसभावाला कोणत्या झाडाच्या पाल्यानं गुण आला ते सांगायचा. आमच्या मूल गावापासून सिरोंचापर्यंतच्या जंगलात जितकी झाडं आहेत तितके इलाज मला सांगून झाले होते. बारा वर्षं मला संधिवात होता, आणि या बारा वर्षांत माझ्या फुप्फुसांबद्दल कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. मीही नाही.

मी मूलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, त्यामुळे आजारावरही वाचलं. त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर गुडघे असत, मनगटं असत, एकावर तर सूर्योदयाकडे धावणारी बाई होती. एका पुस्तकात शेवटच्या पानांत कुठेतरी लिहिलं होतं की क्वचित इतर अवयवांवरही परिणाम होतो. त्या ओळीखाली मी पेन्सिलनं रेघ मारली. पुस्तकात रेघा मारणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर रागावत आले, आणि स्वतः मारलेल्या त्या एका रेघेचा मला काडीचा उपयोग झाला नाही. रेघ मारली आणि पान उलटलं.

दर तीन महिन्यांनी चंद्रपूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं. भला माणूस. "हात दाखवा. मूठ करा. उघडा. छान. हेच चालू ठेवा." त्या 'छान'वर मी तीन महिने काढायची. त्यांनी माझं प्रत्येक बोट शंभरदा तरी दाबलं असेल. पाठीला स्टेथोस्कोप एकदाही लावला नाही. मीही कधी पाठ केली नाही त्यांच्याकडे.

सन्मानचिन्ह

मागच्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या गावात आरोग्य मेळावा झाला. 'संधिवातावर मात करणाऱ्या महिला' म्हणून माझा सत्कार ठरला. मी मात केलेली नव्हती, पण निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर रुग्ण उन्हात आणि खुर्च्या मांडवात होत्या. मग शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह. संधिवातावर मात केल्याबद्दल दिलेलं ते सन्मानचिन्ह मला उचलता येईना. दोन कार्यकर्त्यांनी दोन बाजूंनी धरलं आणि मी मधे हात लावून उभी राहिले. फोटो छान आला.

मग मला बोलायला सांगितलं. पाचव्या-सहाव्या वाक्याला माझा श्वास संपला. संपला म्हणजे अगदी संपला, वाक्याचं क्रियापद शिल्लक होतं. मी माइकची दांडी धरून थांबले. सूत्रसंचालक तत्परतेनं पुढे झाला, "बाईंना गहिवरून आलेलं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडवातल्या दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मी सहजासहजी गहिवरणारी बाई नाही. माझ्या निरोपसमारंभातही मी समोशांकडे बघत बसले होते. तरी त्या दिवशी मलाही पटलं की मी गहिवरले.

कोंडा

मूल हे राइस मिलचं गाव. हंगामात हवेत धानाचा कोंडा असतो आणि अख्खं गाव खोकतं. त्यात मी जन्मभर जुन्या पुस्तकांच्या धुळीत. त्यामुळे कोरडा खोकला सुरू झाला तेव्हा कारणं आधीच तयार होती. खोकला हंगाम संपल्यावरही राहिला, तेव्हा थुंकी तपासली. टी.बी. नाही असा रिपोर्ट आला. गुरुजींनी पेढे वाटले. गुरुजी म्हणजे माझे यजमान. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळं गाव गुरुजी म्हणतं, त्यामुळे घरातही तेच नाव पडलं. ते पेढे मी खोकत खोकत खाल्ले.

घरात मला काही करू देत नसत. वरच्या खोलीतला पलंग खाली आला. पाण्याची घागर, कपड्यांची बादली, सगळं गुरुजींनी अंगावर घेतलं. रोज सकाळी आम्ही बोडीपर्यंत, म्हणजे गावाबाहेरच्या लहान तलावापर्यंत, रमतगमत जायचो. निवृत्तीनंतर गुरुजींना पक्ष्यांचा नाद लागला होता. वाटेत दर थोड्या अंतरावर ते थांबायचे. "थांब, बगळे पाहू दे." मी थांबायची. पुरुषांना उतारवयात असले नाद लागतात, एवढंच मला वाटायचं.

धुऱ्यावरून

गावापासून जवळ आमची थोडी धानाची शेती आहे. नोकरीत असतानाही रोवणीला मी रजा काढायची. रोवणी म्हणजे चिखल केलेल्या खाचरात, आमच्या बांधीत, धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं हातानं लावत मागे मागे सरकायचं. वीसेक बाया एका रांगेत वाकलेल्या, आणि गाणं. एकीनं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलून पुन्हा म्हणायची. गाण्याशिवाय रोवणी होते, पण कंबर जास्त दुखते.

हात वाकल्यावर मला चिखलात उतरता येईना. तेव्हा रोवणाऱ्या बायांची म्होरकी शेवंता म्हणाली, "तुमी धुऱ्यावर बसा बाई, अन् ओळ सांगा. तोंडाले का संधिवात झाला?" तेव्हापासून दरवर्षी मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून ओळ सांगायची. एक ओळ लांबलचक होती, एका दमात म्हणायची:

पान्यात पाय माहा, पायात काटा वो, काढाले कोन येईन माय, सांज झाली.

गेली तीन वर्षं तर गाणं फारच रंगायला लागलं होतं. माझी ओळ पुरी होण्याआधीच बाया ती उचलायच्या आणि शेवटाला न्यायच्या. मला वाटायचं, इतक्या वर्षांत गाणं यांच्या अंगात मुरलं. शिकवणाऱ्याला होतो तसला सात्त्विक आनंदही मला झाला. त्याची आठवण आली की आजही लाज वाटते.

मोतीबिंदू

मागच्या हिवाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी शरीर धड आहे असा कागद हवा म्हणून चंद्रपूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी सवयीनं हात पुढे केले.

"हात नंतर. पाठ करा इकडे. तोंडानं जोरात श्वास घ्या."

घेतला. "पुन्हा." घेतला. "पुन्हा." त्यांनी स्टेथोस्कोप खाली सरकवला, आणखी खाली, आणि तिथेच धरून ठेवला.

"खोकला?"

"आहे. कोंड्याचा."

"कशाचा?"

"आमच्या गावात राइस मिल आहेत."

"जिना चढताना दम लागतो?"

"जिना चढतच नाही. गुडघे."

"घरकाम?"

"हे करू देत नाहीत."

"चालताना?"

"रोज बोडीपर्यंत जाते. कधीच दम लागला नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, म्हणजे दम लागेल असं तुम्ही काहीच करत नाही."

मग त्यांनी माझ्या मनगटाचा पट्टा धरला आणि माझ्या कानाजवळ आणून सावकाश ओढला. कर्र्र. "तुम्ही श्वास घेता तेव्हा पाठीत खाली हा आवाज येतो."

तो पट्टा मी पाच वर्षं रोज रात्री काढत होते आणि रोज सकाळी लावत होते.

ऑक्सिजन मोजायची क्लिप माझ्या सुजलेल्या बोटांत जाईना. शेवटी करंगळीला बसली. बसल्या जागी आकडा पंचाण्णव. मग त्यांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. सोबत निघालेले गुरुजी सवयीनं मधेच थांबले. "काका, तुम्ही बाजूला बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी एकटी चालले, न थांबता. किती वर्षांनी, ते आठवेना. परतले तेव्हा भिंत धरावी लागली, आणि आकडा शहाऐंशी होता. गुरुजी बाकावरून माझ्याकडे बघत होते. पकडल्या गेलेल्या मुलाचा चेहरा मी लायब्ररीत पुष्कळदा पाहिला आहे. त्या दिवशी तो मुख्याध्यापकाचा पाहिला.

फुंका

नागपूरला सी.टी. स्कॅन झाला. छातीच्या डॉक्टरांनी कागदावर दोन फुप्फुसं काढली आणि खालच्या बाजूला जाळी रेखाटली. संधिवातानं सांध्यांसारखीच फुप्फुसंही आतून धरली होती, कुरकुर न करता.

"हा नवा आजार नाही. तुमचाच आहे, जुना," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं आवाज का नाही केला?"

"हात दुखतात. फुप्फुस दुखत नाही."

"बरं होईल?"

"गेलं ते परत येणार नाही. आहे तिथे थांबवू. थांबलं की आपण जिंकलो." सत्काराच्या भाषणासारखं ते बोलले नाहीत, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

चार दिवस भरती राहिले. औषधं बदलली. एक औषध सलाईनमधून, दर सहा महिन्यांनी. ते चढवण्याआधी अंगात कुठे जंतू लपलेले नाहीत ना, याच्या तपासण्या. रोज सकाळी एका नळीत फुंकायचं आणि तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ओरडायचा, "फुंका फुंका फुंका! सोडू नका! अजून! अजून आहे तुमच्यात!" नव्हतं. माझ्यात अजून काय आहे याबद्दल इतका आशावादी माणूस मला आधी कधी भेटला नव्हता.

भीती वाटत होती, पण तिला वेळ ठरलेली होती. दुपारी, नातेवाइकांना बाहेर काढलं की. खाटेवर पडून मी माझे श्वास मोजायची आणि मोजलं की ते चुकायचे. एक आयाबाई होत्या. माझे हात बघून हळहळल्या नाहीत. नुसतं पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवून जायच्या, रोज, न सांगता. त्या चार दिवसांत मला रडू आलं ते फक्त त्या झाकणामुळे.

बगळे

घरी आल्यावर मी गुरुजींना विचारलं, "बगळे किती प्रकारचे असतात?"

ते घागर उचलायला वळले.

"दोन वर्षं पाहून राह्यले ना तुमी? सांगा."

"पांढरे असतात," गुरुजी म्हणाले.

"तुमाले माहीत होतं."

"माहीत नव्हतं. तू थांबायचीस, मंग मी थांबायचो. मंग वाटलं, तू थांबण्याआधी मीच थांबलो तर तुले वाईट नाई वाटणार."

मी चिडले. इतकी, की दम लागला आणि भांडण मधेच सोडावं लागलं. आठ दिवस आम्ही बोडीवर गेलो नाही. स्वयंपाकघरात त्यांनी घागर उचलली की मला वाटायचं, हा माणूस माझ्या आजाराला पाणी घालतोय. हे अन्यायाचं होतं, कळत होतं, तरी वाटायचं. भांडायला समोर एखादा नालायक माणूस असता तर बरं झालं असतं. इथे सगळे चांगले होते. डॉक्टर चांगला, नवरा चांगला, मांडवातले लोक तर रडले होते माझ्यासाठी. आणि मी स्वतः? माझ्याच छातीत बसून माझंच शरीर दोन-तीन वर्षं गप्प राहिलं. त्याच्याशी तर बोलणंही सोडता येत नाही.

शेवंता

शेवंता भेटायला आली ती मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत. टोपली दारात ठेवली, खाली बसली. हात पाहिले नाहीत. थेट म्हणाली, "छातीत निंगालं म्हंतात?"

"हो."

"मले वाटतच होतं."

"काऊन वाटत होतं?"

"ओळ तुटत होती ना तुमची." ती अगदी सहज म्हणाली. "पयल्या साली 'येईन माय'वर थांबल्या तुमी. 'सांज झाली' आमी म्हनलं. मंग दुसऱ्या साली 'काढाले'वर. अन् मागल्या साली 'काटा'वरच. म्या सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, बाई थांबली का उचला वो, खाली पडू द्याची नाई ओळ."

तीन वर्षं. वीस बाया. दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्रानं काढला नसता इतका नेमका हिशोब, शब्दागणिक, चिखलात वाकून ठेवलेला. आणि तो मलाच कुणी दिला नव्हता.

"मले काऊन नाई सांगतलं शेवंता?"

"काय सांगू? शिकेल बाई तुमी. चार लोकांत म्हनू का, तुमचा दम पुरून नाई राह्यला म्हनून? लाज नाई वाटली असती तुमाले?"

"वाटली असती. पण दवाखान्यात तरी गेली असती ना मी!"

"मले का मालूम? दम तर म्हातारपणानं बी लागते." मग तिचाही आवाज चढला. "अन् तुमाले नाई समजलं? तुमचंच तोंड होतं ना, बाई. तुमीच थांबत होत्या."

एवढी पुस्तकं वाचलेल्या बाईला ओळ आपण अर्धी सोडतो आहोत हे कळलं नाही. बाकीच्यांनी ती इतक्या सुरेख पुरी केली, की मला ती माझीच वाटली.

शेवंता उठली. टोपलीतली मूठभर फुलं ओट्यावर ठेवली. "राग आला?"

"आला."

"येऊ द्या," म्हणाली आणि गेली.

थोडं कामाचं

ज्यांना संधिवात आहे आणि ज्यांचे हात सगळे बघतात, त्यांना एवढंच सांगते. डॉक्टरांकडे पाठ करा. ऐका म्हणा. कोरडा खोकला गेला नाही तर त्याचं कारण गावाकडून घेऊ नका. 'दम लागत नाही' असं सांगण्याआधी, दम लागावा असं शेवटचं काय केलं होतं ते आठवून बघा. आणि ज्यांच्यासोबत चालता त्यांना विचारा, तुम्ही कशासाठी थांबता? मला असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, खात्री नाही. बहुधा रेघ मारली असती.

यंदा

सहा महिन्यांचं दुसरं सलाईन झालं. डोळ्याचंही ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी रोवणी होती. नागपूरच्या फुंकायच्या तपासणीला अजून महिना होता. आजार थांबला की पुढे सरकला, हे तेव्हा कळणार होतं. मी झोपेतही फुंकत होते.

मास्क लावून धुऱ्यावर खुर्ची टाकली. शेवंताला बोलावून म्हटलं, "आज मी थांबली तर कोनी ओळ उचलाची नाई."

"काऊन?"

"मले पाह्यचं हाय, कुठी तुटते."

तिनं मान हलवली आणि बांधीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. बायांना ते मुळीच आवडलं नाही. रांगेत कुजबुज झाली. मी मास्क खाली केला.

पान्यात पाय माहा, पायात काटा...

थांबले. सवयीनं एकीनं लगेच पुढचा शब्द उचलला.

"चूप बस वो!" शेवंता खेकसली. "आईकू नाई आलं का तुले?"

मग सगळं शांत झालं. वीस बाया वाकलेल्या, हातात पऱ्हे, घोटाभर पाण्यात उभ्या. रोवणीत अशी शांतता नसते. मला ती सहन होईना. सगळ्यांचं काम मी अडवून धरलं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. इतकी वर्षं नेमकी हीच वेळ माझ्यावर कुणी येऊ दिली नव्हती.

पलीकडच्या धुऱ्यावरून गुरुजी ओरडले, "काऊन थांबल्या वो सगळ्या? काय झालं?"

शेवंतानं कंबर सरळ केली आणि शेजारच्या बांधीतही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाईले दम लागला! थांबा जरा!"

गुरुजी थांबले. त्यांच्या मागच्या बांधीत बगळे उतरले होते, चांगले दहा-बारा. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत उभे राहिले.

मी श्वास घेतला. अर्धाच आला. पुन्हा घेतला. तिसरा खालपर्यंत गेला. मग म्हटलं,

...वो, काढाले कोन येईन माय, सांज झाली.

वीस जणींनी अख्खी ओळ एका दमात परत म्हटली. त्या आवाजात शेवंता धुऱ्यापर्यंत सरकत आली, मान वर न करता.

"'काटा'वर," ती म्हणाली. "मागल्या सालीबी 'काटा'वरच होती."

आणि तिनं पुढचा पऱ्हा चिखलात रोवला.